दिवाळीच्या मागेपुढे मुलांचे वाढदिवस : वेगळी पार्टी हवी की औक्षणावर भागवावं?

कातरवेळ

तुळशीचं लग्न लागलं आणि मी सुटले. गेला महिना कसा गेला ते सांगते. 2 ऑक्टोबरला दसरा, 6 ला कोजागरी, 11 ला धाकट्याचा तिसरा वाढदिवस, 17 च्या वसुबारसेपासून 23 च्या भाऊबीजेपर्यंत दिवाळी आणि 29 ला लेकीचा सहावा. लेक 2019 च्या भाऊबीजेची, म्हणून सासूबाई तिला तिथीनेही ओवाळतात. शिवाय थोरलं अपत्य म्हणून कोजागरीला आश्विनीचं औक्षण. आणि तारखेला केक आहेच. परवा ती शेजारच्या काकूंना गंभीरपणे सांगत होती, "मी आता आठ वर्षांची झाले." तीनदा ओवाळलं, तीन वर्षं वाढली. तिचा हिशेब चोख आहे.

11 ला आम्ही सोसायटीच्या हॉलमध्ये पार्टी केली. बावीस मुलं, फुग्यांची कमान, रिटर्न गिफ्टला कंपासपेट्या (तीन वर्षांच्या पोरांना कंपासपेटी! मीच निवडल्या, बोलणार कोणाला). पहिला फुगा फुटला आणि आमची उत्सवमूर्ती माझ्या खांद्याला चिकटली ती केक कापून झाला तरी उतरेना. सगळ्या फोटोंत त्याची पाठ आहे. हाच पोरगा भाऊबीजेला पाटावर बसला. ताईने नाकाच्या शेंड्यापर्यंत कुंकू लावलं, सुपारी-अंगठी ओवाळली, ताम्हन फिरवलं. संपलं तर म्हणे, "पलत कल." चार वेळा ओवाळून घेतलं. निरांजनातलं तूप संपलं तेव्हा उठला.

तर माझं मत असं, की मुलं सात-आठ वर्षांची होईपर्यंत सणांच्या महिन्यातल्या वाढदिवसाला वेगळी पार्टी करूच नये. पाट, औक्षण, आवडीचं जेवण, बास. नवरा म्हणतो, हा मुलांवर अन्याय आहे. तुम्हाला काय वाटतं?

सोऱ्या

घोर अन्याय! मी स्वतः दिवाळीतलं पोर. वाढदिवसाला गणवेशाऐवजी रंगीत कपडे घालून शाळेत जायचं, वर्गाने उभं राहून गाणं म्हणायचं, मग बाकाबाकावर जाऊन गोळ्या वाटायच्या आणि आवडत्या मित्राला दोन द्यायच्या. अख्ख्या शालेय आयुष्यात हे एकदाही माझ्या वाट्याला आलं नाही, कारण शाळेला सुट्टी आणि मित्र मामाच्या गावाला. नवे कपडे मागितले की "दिवाळीचे शिवलेत ना, तेच घाल." भाऊ जूनमधला. त्याला वर्षाला दोन जोड, मला एक. एका वर्षी आईने कौतुकाने अनारशात मेणबत्ती खोचली. अनारसा मोडला.

आता चाळिशी उलटली, तरी जूनचा तो दुसरा जोड कोणत्या रंगाचा होता ते सांगू शकतो.

अळीवाचा लाडू

सोऱ्या, तुमचं दुःख खरं आहे, पण ते दहा वर्षांच्या मुलाचं. इथे विषय तीन नि सहाचा आहे. आमचं पिल्लूही दिवाळीतलंच. वाढदिवसाला आलेली खेळणी दोन दिवसांत कोपऱ्यात गेली. एक डायनासोर तेवढा वाचला, कारण त्याची किल्ल्याच्या महादरवाजावर नेमणूक झाली. एका बाजूला भालेवाला मावळा, दुसऱ्या बाजूला हा. पेरलेले अळीव उगवले तसा तो त्यात चरायला लागला. त्याला कोणी विचारलं की वाढदिवसाला काय केलं, तर म्हणायचा, "किल्ला." आणि गल्लीतले सगळे आकाशकंदील आपल्यासाठीच लावलेत अशी त्याची खात्री होती. आम्ही ती मोडली नाही. कातरवेळताई, तुमच्या बाजूने माझं मत.

पंचांगवाला

तिथी की तारीख हा वाद महाराष्ट्राला शिवजयंतीपासून पाठ आहे, तो इथे नको. फक्त गणित सांगतो. चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, म्हणून तिथी दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि अधिक महिना आला की उडी मारून पुढे जाते. भाऊबीज 2020 ला 16 नोव्हेंबरला होती, यंदा 23 ऑक्टोबरला. लेकीची तिथी आणि तारीख पुन्हा नेमकी एकाच दिवशी येणार ती बहुधा तिच्या एकोणिसाव्या वर्षी. तोवर दोन वाढदिवस अटळ आहेत!

परातीतली कणीक

सगळे मुलांचंच बोलताय. कातरवेळ, तुमचं "पाट, औक्षण, आवडीचं जेवण, बास" मी दोनदा वाचलं. यातलं 'बास' कोण करतं? हॉलमधली पार्टी तीन तासांत आटोपते आणि झाडून घ्यायला दुसरं माणूस असतं. घरी 'साधंच' करायचं म्हणजे आत्या येणार, काका येणार, चौदा पानं, पुऱ्या तळायला कोणीतरी उभं आणि दुसऱ्या शेगडीवर चकलीची कढई. मी हा साधेपणा सहा वर्षं केला. एका वाढदिवसाला तर लेकीला ओवाळताना माझ्या कोपरापर्यंत भाजणी होती. यंदा सरळ हॉल घेतला, केक बाहेरून, इडली-सांबार बाहेरून, फराळाच्या करंज्याही बाहेरून. पैसे गेले, पण लेकीच्या फोटोत मी आहे.

पार्टीला नाक मुरडणं सोपं आहे हो. तुमचा नवरा अन्याय म्हणतो ना? मग यंदाच्या पार्टीत त्याने काय काय केलं, तेही लिहा.

नाशिकची आजी

मी आजी लोकांच्या बाजूने लिहिते. मेणबत्ती विझवली तर अशुभ वगैरे मी मानत नाही, नातवंडांबरोबर मीही फुंकर मारते. पण औक्षण म्हणजे पार्टीचे पैसे वाचवण्याची युक्ती नव्हे, एवढं सांगते. आमच्याकडे दोन्ही असतं, सकाळी पाट आणि संध्याकाळी केक. सहा वर्षांच्या मुलीला सणातला दिवस आणि आपला दिवस यांतला फरक चांगला कळतो, तिला पाच तरी मैत्रिणी बोलवू द्या. बावीस कशाला? वयाएवढी मुलं, असा माझ्या सुनेचा नियम आहे. तिसऱ्या वर्षी तीन, सहाव्या वर्षी सहा. घरातच मावतात आणि कंपासपेट्याही कमी लागतात.

कातरवेळ

कणीक, तुमचा प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवला. त्याने पार्टीत फुगे फुगवले आणि व्हिडिओ काढला. हे तो स्वतःच म्हणाला, म्हटल्यावर स्वतःच गप्प झाला. घरच्या जेवणाचं म्हणाल, तर यंदा 29 ला सोळा पानं होती आणि मी शेवटी उभ्याने जेवले. 'बास' मागे घेते.

आजी, वयाएवढी मुलं हा नियम उचलला. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ असल्याने लक्ष्मीपूजन थेट 8 नोव्हेंबरला आहे, म्हणजे 29 ऑक्टोबर दिवाळीच्या आधी पडेल. मैत्रिणी गावातच असतील. सहामाही परीक्षा त्याच दिवसांत आली नाही म्हणजे मिळवली.

सोऱ्या, तुमचं वाचून लेकीला विचारलं, तुला काय हवं होतं? ती म्हणाली, वर्गात गोळ्या वाटायच्या होत्या. शाळा उघडल्यावर बाईंची परवानगी काढली. काल भाऊबीजेचा परकर-पोलका घालून गेली आणि वाटून आली. बाईंनी वय विचारलं तेव्हा "नऊ" म्हणाली म्हणे.

धाकट्यालाही विचारलं. तो म्हणाला, "फुगे नको."