नाझरेथचं घर आपल्याला पेलतं का?

नगरकर: नाताळनंतरच्या रविवारी इथे एकांनी लिहिलं, 'नाझरेथच्या पवित्र कुटुंबासारखं घर ठेवा, भांडण शिरणारच नाही.' दोन दिवस डोक्यातून जाईना. बायबलमधलं शुभवर्तमान नीट वाचा की! योसेफ मरियेला गुपचूप सोडायला निघालेला. बारा वर्षांचा येशू तीन दिवस सापडत नाही, सापडल्यावर आई त्याला जाब विचारते. मला आमच्या कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचं घर जवळचं वाटतं. १८९५ला नारायणरावांनी बाप्तिस्मा घेतला, त्यांची बायको लक्ष्मीबाई जवळजवळ पाच वर्षं वेगळ्या राहिल्या. परत आल्या त्या सोवळं सांभाळतच, आणि १९००ला स्वतःच्या मनाने ख्रिस्ती झाल्या. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात त्यांनी नवऱ्याचा एकही दोष झाकलेला नाही.

पापडीची लेक: न सांगता घरातून निघून जाणारा नवरा आदर्श? तो संसार बाईने सोसला म्हणून टिकला. सोसण्याचे गोडवे पुरे.

नगरकर: सोसलं नाही, भांडल्या त्या!

जुना वसईकर: ती पोस्ट माझी. भांडण असतंच, पण मुलांपुढे काहीतरी उंच ठेवायला नको?

पापडीची लेक: काका, त्याच रविवारी आमच्याकडे चर्चमध्ये मिस्सात जोडप्यांना उभं करून लग्नाची वचनं पुन्हा म्हणायला लावतात. माझी बहीण नवऱ्यापासून वेगळी राहते. सगळा बाक उभा आणि ती एकटी बसलेली, मांडीवर लेकीचा स्वेटर, त्याचं एकच बटण लावायची आणि काढायची. यंदा गेलीच नाही. कुठे ठेवायचं ते उंच?

वकीलबाई: २००१पर्यंत आपल्या ख्रिस्ती बायकांना घटस्फोटासाठी नवऱ्याचा नुसता व्यभिचार पुरत नव्हता, जोडीला क्रूरता किंवा सोडून जाणं सिद्ध करावं लागे. नवऱ्याला मात्र व्यभिचार तेवढा पुरे. १८६९चा घटस्फोट कायदा! माझ्या मावशीची त्यात अकरा वर्षं गेली.

जुना वसईकर: कायदा कुठून आला मध्ये? विवाह हा संस्कार आहे.

वकीलबाई: मावशीला ते मारणाऱ्यानेही ऐकवलं होतं.

नगरकर: अहो, शब्द जपून. काकांनी कुणाला मारलेलं नाही.

जुना वसईकर: राहू दे. टिळकांचं मला अजून पटलेलं नाही, संसार टाकून फिरणारा माणूस मी मुलांपुढे ठेवणार नाही. पण वचनं घेताना उरलेल्यांचं काय, हे चाळीस वर्षांत माझ्या मनात आलं नाही, ही चूक माझी. सगळ्याच घरांसाठी एक प्रार्थना घ्या, कुणाला उभं करू नका, असं फादरांना सांगतो. बहिणीला विचार, येईल का.

पापडीची लेक: विचारते. हो म्हणेल असं वाटत नाही.