धामणीची अंडी: तेरातून चारच पिल्लं

पाया खणताना जेसीबीच्या तोंडी धामणीची तेरा अंडी आली. वनखात्याला कळवलं, त्यांच्या परवानगीने झाकणाच्या डब्यात कोकोपीटवर (नारळाच्या काथ्याच्या भुशावर) ठेवली. ६४व्या दिवशी चार पिल्लं निघाली, लगेच सोडली. बाकीच्यांतली सात पिवळी पडून बुरशीने भरली. दोन फोडली तर आत पूर्ण वाढलेलं, मेलेलं पिल्लू. ते बघून जेवण गेलं नाही. चुकलं कुठे?

प्रतिसाद: आणली कशी? कोंबडी अंडी उलटीपालटी करते, सापाच्या अंड्याला ते चालत नाही. आतला जीव वरच्या बाजूला चिकटतो, अंडं फिरलं की दगावतो. उचलण्याआधी वर पेन्सिलने खूण करायची. एकमेकांना चिकटलेली अंडी ओढून सुटी करू नका.

प्रश्नकर्ता: बादलीत. मोटरसायकलवर. खडीचा रस्ता. खूण कसली, घाईत ओंजळीने भरली हो!

प्रतिसाद: मग सात तिथेच गेली असणार. पण पूर्ण वाढून मेलेल्या दोघांचं कारण वेगळं वाटतं. डबा कुठे होता?

प्रश्नकर्ता: माळ्यावर, पत्र्याखाली. मे महिना.

प्रतिसाद: अरे देवा! २८ ते ३० अंश पुरे. तापमापी भिंतीला नको, अंड्यांशेजारी ठेवा. कोकोपीट मुठीत पिळलं तर पाणी टपकायला नको. अंड्याला खळगा पडला तर कडेने थोडं पाणी द्या, अंड्यावर नाही. झाकण दोन-तीन दिवसांनी मिनिटभर उघडायचं, शेवटी पिल्लांना हवा जास्त लागते.

प्रश्नकर्ता: आणि मी वास येईल म्हणून झाकणाला चिकटपट्टी लावली होती.