बेंगल्सने पाचव्या क्रमांकावर कोणाला घ्यावे: चेस की सूएल?

मेसनकर (24 एप्रिल 2021)

येत्या गुरुवारी क्लीव्हलँडमध्ये एनएफएलचा (अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा) ड्राफ्ट, म्हणजे महाविद्यालयीन खेळाडूंची संघनिहाय निवड, सुरू होत आहे. गेल्या हंगामात 4 विजय, 11 पराभव आणि 1 बरोबरी अशी कामगिरी केल्यामुळे आपल्या सिनसिनाटी बेंगल्सच्या वाट्याला निवडीचा पाचवा क्रमांक आला आहे. पहिले तिन्ही संघ क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा खेळाडू) घेणार हे आता जवळपास सर्वांनी गृहीत धरले आहे आणि चौथ्या क्रमांकावरील अटलांटाची नजर फ्लोरिडाच्या काइल पिट्सवर असल्याचे बोलले जाते. तसे झाले, तर आपल्यासमोर दोन नावे उरतात: लुइझियाना स्टेटचा वाइड रिसीव्हर (फेकलेला चेंडू झेलणारा) जमार चेस आणि ओरेगनचा टॅकल (क्वार्टरबॅकचे रक्षण करणाऱ्या पाच जणांच्या रांगेतला कडेचा खेळाडू) पेनेई सूएल. या दोघांपैकी कोण, एवढ्यापुरतीच ही चर्चा ठेवावी, अशी विनंती आहे.

माझे मत सूएलच्या बाजूने आहे. गेल्या वर्षी पहिल्या क्रमांकावर घेतलेल्या आपल्या क्वार्टरबॅक जो बरोला दहा सामन्यांत 32 वेळा चेंडूसह पाडण्यात आले आणि 22 नोव्हेंबरला वॉशिंग्टनमध्ये त्याच्या डाव्या गुडघ्याचे अस्थिबंध फाटले. ज्या माणसावर पुढची दहा वर्षे उभी करायची आहेत, त्याच्यासमोर उभे राहणारे पाच जण आधी नीट असावेत की त्याने फेकलेला चेंडू झेलणारा आधी असावा, हा प्रश्न मला तरी अवघड वाटत नाही. दोनच महिन्यांपूर्वीचा सुपर बोल (लीगचा अंतिम सामना) आठवून पाहावा. कॅन्सस सिटीकडे टायरिक हिल होता, ट्रॅव्हिस केल्सी होता आणि चेंडू फेकायला पॅट्रिक महोम्स होता. परंतु दोन्ही बाजूंचे नेहमीचे टॅकल दुखापतीमुळे बाहेर असल्याने महोम्सचा सारा वेळ मागे पळण्यातच गेला आणि संघ एकही टचडाउन (चेंडू समोरच्या शेवटच्या पट्ट्यात नेणे) न करता 31-9 असा हरला. त्यांनी धडा घेतला. कालच त्यांनी बाल्टिमोरकडून ऑर्लँडो ब्राउन हा टॅकल मिळवला. आपण तोच धडा फुकट शिकू शकतो.

सूएल अवघा 20 वर्षांचा आहे, 2019 मध्ये त्याने लाइनमनसाठीचा, म्हणजे रांगेतल्या खेळाडूंसाठीचा, आउटलँड पुरस्कार मिळवला आहे आणि असा टॅकल दर वर्षी ड्राफ्टमध्ये येत नाही. 1980 मध्ये याच संघाने तिसऱ्या क्रमांकावर अँथनी मुन्योझ घेतला होता. बेंगल्स आजवर ज्या दोन सुपर बोलला पोहोचले आहेत, त्या दोन्हींत डावी बाजू त्याने सांभाळली होती, हा योगायोग नव्हे.

चौथा डाऊन (24 एप्रिल 2021)

धागालेखकांची कळकळ मान्य आहे, निष्कर्ष मान्य नाही.

बरो पडला तो क्षण पुन्हा एकदा शांतपणे पाहावा. पायावर आदळलेला जोनाथन ॲलन हा मधल्या भागातून घुसणारा खेळाडू आहे आणि तो आला डाव्या गार्डच्या (टॅकलच्या आतल्या बाजूला उभ्या खेळाडूच्या) जागेतून, जिथे आपला मायकल जॉर्डन होता (नावाने हुरळून जाऊ नये, हा तो नव्हे). भगदाड गार्डच्या जागी आहे आणि आपण उपाय म्हणून टॅकल आणायला निघालो आहोत. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असाच हा प्रकार झाला. डाव्या टॅकलसाठी 2019 च्या पहिल्या फेरीत घेतलेला जोना विल्यम्स आहे, उजवीकडे राइली रीफला मार्चमध्येच एका वर्षासाठी आणले आहे, मग सूएलला उभे कोठे करणार?

आता दुसरी बाजू. गेल्या हंगामात ए. जे. ग्रीनच्या दिशेने 104 चेंडू गेले आणि त्यातले 47 त्याने झेलले. तोही आता ॲरिझोनाला गेला. टी हिगिन्स आणि टायलर बॉइड दोघेही उत्तम आहेत, परंतु बचावपटूला मागे टाकून थेट पळणारा त्यांच्यात कोणी नाही. चेसने 2019 च्या हंगामात 84 चेंडू झेलून 1780 यार्ड अंतर काढले आणि 20 टचडाउन केले, आणि ते कोणी फेकलेल्या चेंडूंवर? याच बरोच्या. महाविद्यालयीन राष्ट्रीय अंतिम सामन्यात क्लेमसनविरुद्ध त्याने 221 यार्ड काढले, तेव्हा त्याच्यासमोर होता ए. जे. टेरेल, ज्याला नंतर अटलांटाने 16 व्या क्रमांकावर घेतले. त्याच लुइझियाना संघातला जस्टिन जेफरसन गेल्या वर्षी व्यावसायिक खेळाच्या पहिल्याच हंगामात 1400 यार्ड करून गेला; तोही 2019 मध्ये यार्डांच्या हिशेबात चेसच्या मागेच होता.

आकडेमोड (25 एप्रिल 2021)

मला हा वाद दोन खेळाडूंमधला वाटतच नाही. तो दोन जोड्यांमधला आहे. आपल्याला पाचव्या क्रमांकावर एक खेळाडू मिळेल आणि दुसऱ्या फेरीत 38 व्या क्रमांकावर दुसरा. म्हणून "चेस की सूएल" असे न विचारता "चेस आणि 38 वर उरलेला लाइनमन" की "सूएल आणि 38 वर उरलेला रिसीव्हर", असे विचारायला हवे.

यंदा लाइनमनची रांग लांब आहे. स्लेटर, डॅरिसॉ आणि व्हेरा-टकर पहिल्या फेरीत जातील असे धरले, तरी जेंकिन्स, कॉस्मी, आयकेनबर्ग आणि लिटल यांच्यापैकी दोघे-तिघे 38 पर्यंत सहज उरतील, असा माझा अंदाज आहे. शिवाय या संघाने अँड्र्यू व्हिटवर्थ 2006 मध्ये 55 व्या क्रमांकावर घेतला होता आणि त्याने अकरा हंगाम खेळून दिले, तेव्हा चांगला टॅकल पहिल्या पाचांतच मिळतो असे काही नाही.

मेसनकर (25 एप्रिल 2021)

व्हिटवर्थचे उदाहरण देताना पुढची गोष्ट का सांगितली नाही? 2015 मध्ये पहिल्या फेरीत सेड्रिक ओग्बुएही आणि दुसऱ्या फेरीत जेक फिशर असे दोन टॅकल घेतले, त्यांच्या भरवशावर 2017 मध्ये व्हिटवर्थला लॉस एंजेलिसला जाऊ दिले, आणि ते दोघेही टिकले नाहीत. 21 व्या किंवा 38 व्या क्रमांकावर "चांगला लाइनमन उरेलच" हे वाक्य आम्ही सिनसिनाटीत किती वर्षे ऐकत आहोत! उलट रिसीव्हर दुसऱ्या फेरीत शोधण्यात या संघाचा हात चांगला बसला आहे: चॅड जॉन्सन 36 वा, बॉइड दुसऱ्या फेरीतला, हिगिन्स 33 वा. आणि पहिल्या दहांत वेगवान रिसीव्हर घेतला, तेव्हा काय झाले? 2017 मध्ये नवव्या क्रमांकावर आणलेल्या जॉन रॉसने चाळीस यार्ड 4.22 सेकंदांत पळून विक्रम केला होता, आणि पहिल्या हंगामात त्याने एकही पास झेलला नाही.

जोड्यांचाच हिशेब करायचा असेल, तर या संघाच्या बाबतीत तो माझ्या बाजूने जातो.

रीफविषयी एवढेच: तो 32 वर्षांचा आहे आणि करार एका वर्षाचा आहे. विल्यम्सने आपला पहिला हंगाम पूर्णपणे खांद्याच्या दुखापतीत घालवला. ज्या दोन जागा "भरलेल्या" म्हणून सांगितल्या जात आहेत, त्या डिसेंबरमध्ये भरलेल्या असतील का, हे पाहावे लागेल.

पहाटेचा प्रेक्षक (26 एप्रिल 2021)

पुण्यातून लिहीत आहे. ड्राफ्ट आमच्याकडे शुक्रवारी पहाटे साडेपाचला सुरू होईल, त्यामुळे निदान झोपमोडीचे सार्थक व्हावे, एवढीच अपेक्षा आहे. आपला क्रमांक दुसऱ्या संघाला देऊन खाली सरकावे, स्लेटर घ्यावा आणि एखादी जास्तीची निवड पदरात पाडून घ्यावी, हा पर्याय कोणीच का मांडत नाही?

चौथा डाऊन (26 एप्रिल 2021)

कारण समोरून तशी मागणी यावी लागते, आणि पाचव्या क्रमांकावरचा खेळाडू सोडून देण्याइतका हा संघ श्रीमंत नाही.

रॉसची तुलना मात्र अन्यायाची आहे. रॉसची ओळख घड्याळामुळे झाली होती. चेसची ओळख अंगावर चिकटलेल्या बचावपटूसमोरून चेंडू हिसकावण्याची आहे आणि वेग ही त्याची वरकड बाजू आहे. आणखी एक गोष्ट कोणी लक्षात घेत नाही: चेंडू हातात किती वेळ ठेवायचा, हे अर्धे झेलणाऱ्यावर अवलंबून असते. कोणी मोकळा होत नाही म्हणून बरो थांबतो, थांबतो म्हणून पाडला जातो. ज्याच्यावर डोळे मिटून चेंडू टाकता येतो असा माणूस बाहेर उभा असेल, तर चेंडू लवकर सुटतो. त्या अर्थाने चेस हेही संरक्षणच आहे.

मेसनकर (26 एप्रिल 2021)

डोळे मिटून टाकायलाही दोन-अडीच सेकंद लागतात. ते कोण देणार?

आकडेमोड (2 मे 2021)

निकाल सर्वांना ठाऊक आहेच. पिट्स चौथा गेला, आपण चेस घेतला, सूएल सातव्या क्रमांकावर डेट्रॉइटला गेला. इथपर्यंत मी समाधानी होतो.

दुसऱ्या फेरीने मात्र माझी पंचाईत केली आहे, हे प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. 38 वर जेंकिन्स, आयकेनबर्ग, लिटल आणि कॉस्मी असे चौघेही शिल्लक होते. म्हणजे माझा अंदाज अपेक्षेपेक्षा जास्त खरा ठरला. आणि आपल्या व्यवस्थापनाने ती जागा न्यू इंग्लंडला देऊन, 46 वर उतरून, क्लेमसनचा जॅक्सन कार्मन घेतला. चौथ्या फेरीतल्या दोन निवडी मिळाल्या हे खरे आहे. परंतु माझा सारा युक्तिवाद "चेस आणि 38 वरचा लाइनमन" या जोडीवर उभा होता. कार्मन महाविद्यालयात टॅकल होता, त्याला येथे गार्ड म्हणून शिकवणार आहेत. म्हणजे बरोच्या गुडघ्याची राखण हंगामाच्या सुरुवातीला एका शिकाऊ माणसाकडे असणार.

चौथा डाऊन (14 फेब्रुवारी 2022)

काल रात्रीच्या पराभवानंतर हा धागा वर काढण्याचे धाडस करतो. आपण लॉस एंजेलिसकडून 23-20 असे हरलो, तेही सुपर बोलमध्ये. 1991 च्या जानेवारीनंतर प्लेऑफचा (बाद फेरीचा) एकही सामना न जिंकलेला संघ तिथवर गेला आणि त्यात चेसचा वाटा केवढा आहे, हे आता आकड्यांनीच सांगावे: 81 झेल, 1455 यार्ड, 13 टचडाउन, जेफरसनचे 1400 मागे पडले. 2 जानेवारीला कॅन्सस सिटीविरुद्ध त्याने एकट्याने 266 यार्ड काढले आणि त्याच दिवशी आपण लीगमधला आपला विभाग जिंकला. कोणताही टॅकल एका दुपारी एवढे देऊ शकत नाही.

मेसनकर (14 फेब्रुवारी 2022)

अभिनंदन मनापासून करतो. चेसविषयी मी चुकलो, तो माझ्या कल्पनेपेक्षा मोठा निघाला. परंतु माझा दुसरा आकडाही वाचावा. नियमित हंगामात बरो 51 वेळा पाडला गेला, लीगमध्ये सर्वाधिक. टेनेसीविरुद्ध नऊ वेळा, काल सात वेळा. प्लेऑफ धरून एकूण 70. रीफ डिसेंबरमध्ये घोट्याच्या दुखापतीने बाहेर गेला आणि प्लेऑफमध्ये उजव्या बाजूला आयझाया प्रिन्स उभा होता. एप्रिलमध्ये मी डिसेंबरचीच गोष्ट केली होती.

आणि शेवटची चाल. चौथा डाऊन, म्हणजे शेवटचा प्रयत्न, हवा होता एक यार्ड. तिकडे चेसला रोखणारा जेलन रॅमझी घसरून पडला होता, चेस पुढे पूर्ण मोकळा धावत होता, आणि बरोला मान वर करून पाहण्याइतकाही वेळ मिळाला नाही, कारण त्यांचा ॲरन डोनाल्ड येऊन पोहोचला होता. मोकळा चेस मी माझ्या डोळ्यांनी पाहिला. त्याच्याकडे चेंडू गेला नाही. पलीकडच्या बाजूला चषक उचलणाऱ्यांत आपण 2017 मध्ये सोडलेला व्हिटवर्थ होता, वय वर्षे 40.

चौथा डाऊन (14 फेब्रुवारी 2022)

ती चाल मीही रात्रभर पाहत आहे. डोनाल्ड आला तो मधून, गार्डच्या जागेतून, अगदी वॉशिंग्टनमध्ये ॲलन आला होता तसाच. त्या चालीत सूएल आपल्याकडे असता, तर तो दोन हात पलीकडे उजव्या कोपऱ्यात स्वतःच्या माणसाला रोखत उभा असता, आणि डोनाल्ड तरीही पोहोचला असता.

मेसनकर (14 फेब्रुवारी 2022)

त्या एका चालीत, मान्य. पण बरो पाडला गेला त्या सत्तर वेळांचे काय?

आकडेमोड (20 मार्च 2022)

व्यवस्थापनाने आपले उत्तर या आठवड्यात पैशांनी दिले आहे. सेंटर (रांगेतला मधला) टेड करस, गार्ड ॲलेक्स कॅपा आणि आता डॅलसने सोडलेला उजवा टॅकल लाएल कॉलिन्स. तिघांपैकी दोन जागा चौथा डाऊन यांनी दाखवलेल्या मधल्या भागातल्या आहेत आणि तिसरी नेमकी तीच, जिथे सूएल उभा राहिला असता. कार्मनला अजून पक्की जागा मिळालेली नाही. माझ्या जोडीतला दुसरा खेळाडू मी अद्याप शोधतोच आहे.