‘स्वयंचलित’ कपलरमध्ये स्वयंचलित नेमके काय असते?

प्रश्न : रूळवेडा

नमस्कार. रेल्वेच्या डब्यांना टोकाला मधोमध दोन डबे जोडणारा जो पोलादी कपलर असतो, त्याला ‘स्वयंचलित’ म्हणतात हे मी अनेक वर्षे वाचत आलो आहे. मात्र यार्डातले शंटिंग, म्हणजे डबे आणि वाघिणी (मालडबे) हलवून जोडण्या-सोडण्याचे काम, जवळून पाहिले, तेव्हा हा शब्द मला कोड्यात टाकू लागला. इंजिन वाघिणीला लागण्याआधी एक माणूस बाजूची दांडी उचलतो आणि कपलरचा जबडा हाताने ओढून उघडतो. जोडणी झाली की तोच माणूस दोन वाघिणींच्या मध्ये वाकून ब्रेकच्या रबरी नळ्या एकमेकींत अडकवतो आणि हवेचा कॉक (झडप) फिरवतो. पुढे वाघिणी सोडवायच्या झाल्या की पुन्हा दांडी हातानेच उचलावी लागते. याउलट मेट्रोच्या दोन गाड्या जोडताना कोणी रुळांवर उतरलेले मी पाहिलेले नाही.

मग पहिल्या प्रकाराला स्वयंचलित का म्हणायचे, आणि या दोहोंमध्ये यांत्रिक फरक कोठे आहे? माझी दुसरी शंका युरोपाविषयी आहे. तिथल्या मालगाड्यांच्या छायाचित्रांत आजही आकडा, स्क्रू आणि दोन्ही बाजूंचे धक्का झेलणारे बफर दिसतात. शंभर वर्षांहून जुनी सुधारणा इतक्या प्रगत रेल्वेंनी का स्वीकारली नसावी? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर १ : यार्डमास्तर

आपण जे पाहिलेत ते सगळे बरोबर पाहिलेत. मी शंटिंगच्या कामात अनेक वर्षे काढली आहेत, म्हणून या शब्दामागची हकीकत आधी सांगतो. यंत्रणेविषयी इतर सदस्य माझ्यापेक्षा चांगले लिहितील.

अमेरिकेत पूर्वी ‘लिंक आणि पिन’ नावाची जोडणी होती. एका डब्याच्या खोबणीत लोखंडी कडी बसवलेली असे आणि समोरून दुसरा डबा येत असताना ब्रेकमनला ती कडी हाताने उचलून समोरच्या खोबणीत नेमकी घालावी लागे, मग वरून पिन सोडावी लागे. हात काढायला क्षणभर उशीर झाला तर बोटे गेलीच, आणि पाय घसरला तर जीव जाई. १८७३ मध्ये एली जॅनी यांनी ज्या कपलरचे पेटंट घेतले, तो या हाताला त्या जागेतून बाहेर काढण्यासाठी होता. पुढे २ मार्च १८९३ रोजी तिथे सुरक्षा साधनांचा कायदा झाला आणि त्याने कपलरच्या जोडणीविषयी दोन अटी घातल्या : कपलर धडकेने आपोआप जुळला पाहिजे, आणि तो सोडवण्यासाठी माणसाला दोन डब्यांच्या मध्ये शिरावे लागता कामा नये. ‘स्वयंचलित’ या शब्दाची व्याप्ती त्या काळी इतकीच होती. हवेच्या नळ्यांचा त्यात समावेश नव्हता, आणि बाजूला उभे राहून दांडी उचलणे तर या व्याख्येत पूर्णपणे बसते.

या व्याख्येचा कस एका खटल्यात लागला, तो प्रत्येक शंटरने जाणून घ्यावा असा आहे. ऑगस्ट १९०० मध्ये जॉन्सन नावाच्या ब्रेकमनला एक इंजिन भोजनयानाला जोडायचे होते. इंजिनावर जॅनी पद्धतीचा कपलर होता आणि भोजनयानावर मिलर पद्धतीचा आकडा होता. दोन्ही आपापल्या जातीच्या कपलरशी आपोआप जुळत असत, मात्र एकमेकांशी जुळत नसत. म्हणून जॉन्सन मध्ये शिरले आणि त्यांचा हात चिरडला गेला. खालच्या न्यायालयांचे म्हणणे असे पडले की दोन्ही वाहनांवर स्वयंचलित कपलर असल्यामुळे कायद्याचे पालन झालेले आहे. १९०४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते फिरवले आणि जे दोन कपलर प्रत्यक्षात समोरासमोर येतात ते एकमेकांशी आपोआप जुळले पाहिजेत, असा कायद्याचा अर्थ लावला. माझ्या मते कपलरच्या सगळ्या इतिहासाची किल्ली या निकालात आहे : एकटा कपलर कितीही चांगला असला तरी तो अर्धाच असतो.

आता जबडा हाताने उघडण्याविषयी. जॅनी पद्धतीत जो हलणारा भाग असतो, त्याला आम्ही ‘नकल’ म्हणतो. जुळण्यासाठी दोहोंपैकी किमान एक नकल उघडा असावा लागतो. वाघिणी सुटताना बहुधा एक नकल उघडाच राहतो, त्यामुळे पुढच्या जोडणीला कोणी काही केले नाही तरी चालते. दोन्ही बंद असतील तर मात्र नुसती ठोकर बसते आणि वाघीण पुढे ढकलली जाते. वळणावर आणखी एक धोका असतो. कपलरची मान एका बाजूला झुकलेली असेल तर दोन्ही डोकी समोरासमोर न भिडता शेजारून निघून जातात आणि एकमेकांत भलतीकडेच अडकून बसतात. माझ्या उमेदवारीच्या काळात असे एकदा माझ्याच हातून झाले. मी नकल उघडा असल्याची खात्री केली होती, पण मान मध्यावर आहे की नाही हे पाहिलेच नव्हते. नंतर त्या दोन वाघिणी वेगळ्या करण्यात अर्धी पाळी गेली. तेव्हापासून मी आधी मान पाहतो आणि मग नकल. झुकलेली मान पायाने ढकलण्याचा मोह अनेकांना होतो. तो जिवावर बेतणारा आहे. गाडी पूर्ण थांबवून, अंतर राखून आणि चालकाला तसे कळवूनच पुढे जावे.

उत्तर २ : यंत्रअभ्यासक

यार्डमास्तरांच्या उत्तराला जोडून यंत्रणेविषयी लिहितो.

आपल्या दोन्ही हातांची बोटे आकड्यासारखी वाकवून, एक तळवा आपल्याकडे आणि दुसरा पलीकडे ठेवून ती एकमेकांत अडकवा आणि ओढून पाहा. जॅनी कपलरचा आकार जवळपास हाच आहे. वाकलेली बोटे म्हणजे नकल. उघड्या नकलच्या आतल्या बाजूला शेपटीसारखा भाग असतो. समोरचा नकल आत शिरला की तो या शेपटीला मागे रेटतो, नकल उभ्या पिनभोवती फिरून मिटतो, आणि तोपर्यंत शेपटीवर टेकून राहिलेला लोखंडी ठोकळा स्वतःच्या वजनाने खाली पडून शेपटीच्या वाटेत आडवा येतो. हा ठोकळा म्हणजे कुलूप. त्यात स्प्रिंग नाही, हवा नाही, वीज नाही. गुरुत्वाकर्षण तेवढे पुरते. जोडणीनंतर इंजिन जरासे मागे ओढून पाहतात, ते हा ठोकळा पूर्ण खाली बसला आहे का, याची खात्री करण्यासाठी. सोडवताना दांडी हाच ठोकळा वर उचलते. मात्र गाडी ताणलेली असेल तर शेपटीच्या दाबाखाली ठोकळा घट्ट धरला जातो आणि दांडी हलतच नाही, म्हणून आधी इंजिनाने किंचित दाबून ताण काढावा लागतो.

सोव्हिएत संघाने निवडलेला एसए-३ हा कपलर विलिसन पद्धतीचा आहे. त्यात फिरणारा जबडा नसून डोक्याला एक मोठा आणि एक लहान असे दोन स्थिर दात असतात. दोन डोकी एकमेकांत सरकली की आत दाबली गेलेली कुलपे पुन्हा बाहेर येतात आणि दातांमधली मोकळी जागा भरून टाकतात. उघडा-बंद हा प्रश्नच नसल्यामुळे जोडणीपूर्वी तयारी करावी लागत नाही. माझ्या मते मालगाडीसाठी याहून सरळ रचना झालेली नाही.

मेट्रोच्या गाड्यांवर आपण पाहता तो बहुतेक वेळा शार्फेनबर्ग पद्धतीचा कपलर असतो. कार्ल शार्फेनबर्ग यांनी १९०३ मध्ये त्याचे पेटंट घेतले. त्याच्या सपाट तोंडावर एका बाजूला शंकू आणि दुसऱ्या बाजूला नरसाळे असते, त्यामुळे समोरासमोर येताच दोन्ही डोकी आपोआप एका रेषेत येतात. आत स्प्रिंगवर फिरणारी एक चकती असते. तिच्या एका अंगाला बिजागरीने जोडलेली कडी आणि दुसऱ्या अंगाला खाच असते. भेट झाली की प्रत्येकाची कडी दुसऱ्याच्या खाचेत जाते आणि दोन चकत्या व दोन कड्या मिळून एक समांतरभुज चौकोन तयार होतो. ही कल्पना मला फार सुंदर वाटते, कारण ओढ दोन्ही कड्यांवर सारखी विभागली जाते आणि चकतीला फिरवू पाहणारी बले एकमेकांना तोलून धरतात. गाडी कितीही जोराने ओढली तरी ती ओढ कुलूप उघडण्याच्या दिशेने कामच करू शकत नाही. शिवाय दोन डोक्यांमध्ये सैलपणा उरत नाही. हा सैलपणा नसल्यामुळेच त्याच तोंडावर हवेच्या नळ्या आणि विजेचे संपर्क बसवता येतात. जॅनी कपलरमध्ये दोन डोकी सतत थोडी पुढेमागे सरकत असतात. तिथे विजेचे संपर्क एकमेकांना टेकून राहणे अवघड आहे. म्हणून नळ्या वेगळ्या लोंबत्या ठेवाव्या लागतात आणि त्या जोडायला माणूस लागतो. आपल्याला जो फरक दिसला, तो मुळात सैल आणि घट्ट जोडणीचा फरक आहे.

हा सैलपणा पूर्वी उपयोगाचाही होता. जड गाडी हलवताना इंजिनाला सगळ्या वाघिणी एकदम ओढाव्या लागत नसत. एकेक वाघीण क्रमाने चालू लागे. शंभर वाघिणींच्या गाडीत कपलरमधील सैलपणा आणि ड्राफ्ट गिअरची (कपलरमागच्या धक्के शोषणाऱ्या यंत्रणेची) हालचाल मिळून गाडीची लांबी काही मीटरने कमीजास्त होते, आणि बेसावधपणे ब्रेक लावला तर तेवढ्या हालचालीचा धक्का शेवटच्या वाघिणीपर्यंत जातो. प्रवासी डब्यांसाठी म्हणूनच याच जातीचे घट्ट बसणारे कपलर वेगळे बनवले गेले.

रूळवेडा

दोन्ही उत्तरांबद्दल मनःपूर्वक आभार. बोटे अडकवून पाहिली आणि नकलचे चित्र लगेच स्पष्ट झाले. युरोपाचा प्रश्न मात्र अजून उरला आहे.

उत्तर ३ : जुनी वेळापत्रके

युरोपाच्या प्रश्नाचे उत्तर जॉन्सन यांच्या खटल्यातच दडलेले आहे. कपलर बदलायचा तर ज्या ज्या वाघिणीशी गाठ पडू शकते, त्या सगळ्यांचा बदलावा लागतो. निम्म्या वाघिणी बदलल्या तर फायदा निम्मा होत नाही, उलट गोंधळ दुप्पट होतो.

हा बदल एका झटक्यात करून दाखवला तो जपानने. तिथे होक्काइदो बेटावर आधीपासून स्वयंचलित कपलर होते, मात्र होन्शू आणि क्यूशू बेटांवर स्क्रू कपलिंग आणि बफर होते. अनेक वर्षे तयारी चालली. नवे कपलर आधीच प्रत्येक वाघिणीच्या सांगाड्याखाली टांगून ठेवले गेले, त्यामुळे वाघिणी आपले नवे कपलर पोटाशी घेऊन नेहमीसारख्या धावत राहिल्या आणि ठरलेल्या दिवशी जिथे असतील तिथे त्यांचे काम करता येणार होते. १७ जुलै १९२५ रोजी होन्शूवर मालवाहतूक थांबवून एका दिवसात वाघिणींचे कपलर बदलण्यात आले आणि क्यूशूवर हेच काम २० जुलै रोजी पार पडले. यातली खरी करामत त्या एका दिवसापेक्षा आधीच्या वर्षांतली आहे. टांगलेला कपलर प्रत्येक वाघिणीच्या मापाचा असणे आणि तो बसवणाऱ्या माणसांचा हात त्या कामावर आधीच बसलेला असणे, यांवाचून हा दिवस उजाडलाच नसता.

सोव्हिएत संघाने दुसरी वाट धरली. १९३५ मध्ये सुरू झालेला बदल १९५७ मध्ये पूर्ण झाला, म्हणजे मधली दोन दशके, त्यात एक महायुद्ध, दोन्ही पद्धती एकाच रुळांवर नांदवाव्या लागल्या. अमेरिकेतही कायद्याची मूळ मुदत वाढवून १ ऑगस्ट १९०० पर्यंत न्यावी लागली होती.

पश्चिम युरोपात वाघिणी एका देशातून दुसऱ्या देशात सतत जात असल्यामुळे कोणत्याही एका रेल्वेला एकट्याने निर्णय घेता येत नव्हता, आणि एक दिवस ठरवून सगळ्यांना तो पाळायला लावील अशी एकच सत्ताही नव्हती. १९७० च्या दशकापर्यंत एक सामाईक कपलर तयार झाला होता, पूर्व युरोपात तयार झालेल्या तशाच कपलरशी जुळेल अशी त्याची रचना होती, तरीही तो बदल बारगळला. जिथे वाघिणी बाहेर जातच नाहीत, तिथे मात्र युरोपातही स्क्रू टिकलेला नाही. स्वीडनमधील किरुना ते नॉर्वेमधील नार्विक या मार्गावरील लोहखनिजाच्या गाड्या आठ हजार टनांहून जड असतात आणि त्यांना एसए-३ कपलर आहेत, कारण इतके वजन ओढणे स्क्रू कपलिंगच्या ताकदीबाहेरचे आहे.

आता पुन्हा प्रयत्न सुरू आहे. २०२१ मध्ये मालगाड्यांसाठी शार्फेनबर्ग पद्धतीच्या डोक्याची निवड झाली आणि त्यातून हवा, वीज आणि माहितीच्या तारा एकाच भेटीत जोडण्याचा बेत आहे. वाघिणींची संख्या लाखांत असल्यामुळे हे काम एका दिवसात होणे नाही.

रूळवेडा

आता सगळा उलगडा झाला. एक छोटी शंका उरते. मालगाडीचा नकल तुटल्यामुळे गाडी दुभंगल्याचे अधूनमधून ऐकू येते. इतक्या जुन्या रचनेत हा दोष अजून कसा राहिला?

उत्तर ४ : यार्डमास्तर

तो दोष समजू नये. नकल हा कपलरच्या धडापेक्षा मुद्दाम कमकुवत ठेवलेला असतो, म्हणजे ताण हाताबाहेर गेला तर तोच आधी तुटावा. कपलरचे धड तुटले तर वाघीण कार्यशाळेतच न्यावी लागते; नकल मात्र गाडीवरचे लोक जागच्या जागी बदलू शकतात. गाडी दुभंगली की रबरी नळ्या ओढ बसून आपोआप सुटतात, हवा निघून जाते आणि दोन्ही तुकड्यांचे ब्रेक स्वतःहून लागतात. त्यानंतर सुटा नकल तुटलेल्या जागेपर्यंत नेणे एवढेच काम उरते, पण त्याचे वजन चाळीस किलोच्या आसपास असते आणि बाजूची वाट खडीची असते. म्हणून शक्य असेल तेव्हा आम्ही चालकाला गाडीचा पुढचा तुकडा पुढे काढायला सांगत असू आणि नकल इंजिनावरून न आणता गाडीच्या अगदी शेवटच्या टोकाचा, म्हणजे कशालाही न जोडलेला चांगला नकल काढता येतो का, हे आधी पाहत असू. जुनी पिन काढायची, तुटलेला भाग बाहेर घ्यायचा, कुलपाचा ठोकळा मोकळा हलतो का ते बोटाने पाहायचे, नवा नकल बसवून पिन घालायची, आणि बाजूला होऊन दांडी दोनदा उचलून पाहायची. दोन्ही वेळा ठोकळा खाली पडल्याचा आवाज आला, तरच चालकाला मागे येण्याची खूण द्यायची.