वेगवेगळ्या मापांची चित्रं एका भिंतीवर कशी लावावीत?

प्रश्न: वरच्या कडा जुळवायच्या की मध्य? शिवाय मी काढलेल्या काही चित्रांत माझ्या आवडत्या चित्रकाराची छाप दिसते. ती वगळावीत का?

उत्तर १: मध्य जुळवा, जमिनीपासून साधारण १४५ सेंमीवर. खिळ्याची उंची म्हणजे १४५ अधिक फ्रेमची निम्मी उंची, वजा फ्रेममागच्या टांगायच्या तारेपासून वरच्या कडेपर्यंतचं अंतर. हे अंतर तार ताणून धरूनच मोजा. सैल मोजलंत तर चित्र खाली उतरतं.

उत्तर २: +१, म्हणजे सहमत. काच असेल तर दिवा वरून, उभ्या रेषेशी ३० अंशांवर. समोरून टाकला की बघणाऱ्याला स्वतःचंच तोंड दिसतं!

उत्तर ३: छापेचं म्हणाल तर सरसकट वगळू नका. व्हॅन गॉगनं १८८७ मध्ये जपानी चित्रकार हिरोशिगेच्या छापचित्रांवरून थेट नकला रंगवल्या होत्या. चित्राचा कृष्णधवल फोटो टपाल तिकिटाएवढा करून बघा. रंग गेल्यावरही मांडणी तुमच्या आवडत्या चित्रकाराचीच वाटली, तर ते चित्र बाजूला ठेवा. नुसते रंग जुळत असतील तर खुशाल लावा.