अंतर तेवढंच, मग विमानाला वेळ कमी-जास्त का? आपापले अनुभव सांगा

मागच्या महिन्यात लंडन-न्यूयॉर्क केलं. अंतर साधारण साडेपाच हजार किमी. विमान ताशी ९०० ने जातं म्हणजे सव्वासहा तास, असा शाळेतला हिशोब मांडून बसलो होतो. जाताना जवळपास आठ तास लागले आणि येताना साडेसहा! तुमचा कुणाचा हिशोब असा गंडलाय का?

==

हाच रूट, न्यूयॉर्कहून येताना, जानेवारीत. समोरच्या स्क्रीनवर वेग बघते तर ११०० च्या वर, मला वाटलं स्क्रीन बिघडली. शेजारचे काका म्हणाले, अहो विमान नेहमीच्याच वेगाने चाललंय, त्याच्याभोवतीची हवाच पूर्वेकडे पळतेय, जेट स्ट्रीम म्हणतात तिला, हिवाळ्यात जास्त जोरात असते. जाताना तेच वारं नाकावर घ्यायचं. फेब्रुवारी २०२० मधे वादळाच्या वाऱ्यावर एक विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं होतं म्हणे. आम्ही पाऊण तास लवकर उतरलो आणि गेट रिकामं नाही म्हणून पाऊण तास आत बसून राहिलो, म्हणजे मिळवलं काय तर ठेंगा.

==

तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच मुळी. एका गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतची असते, धावपट्टीची लाईन वगैरे धरून, वर थोडा वेळ जास्तीचा टाकून ठेवतात. माझ्या एका छोट्या फ्लाईटला दीड तास लिहिलेलं, हवेत जेमतेम ५५ मिनिटं होतो.

==

टोकियो ते लॉस एंजेलिस. शनिवारी संध्याकाळी ५ ला निघायचं आणि शनिवारीच सकाळी ११ ला पोचायचं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणे नीट बघ गं, चुकीचं तिकीट काढलंयस तू. दोन्ही वेळा तिथल्या तिथल्या घड्याळाच्या, मधे वाररेषा (ती ओलांडली की तारीख एक दिवस मागे जाते), प्रवास खरा दहा तासांचा, हे समजावता समजावता माझीच बॅग भरायची राहिली.

==

हेलसिंकी-टोकियो. २०१९ ला साडेनऊ तास, २०२३ ला तेरा! शहरं आपापल्या जागीच आहेत, पण २०२२ पासून युरोपातल्या कंपन्यांना रशियाचं आकाश बंद, त्यामुळे वळसा. येताना तर उत्तर ध्रुवावरून आणलं. एवढे तास बसून पाठ धरली ते सोडा, पण खिडकीतून बर्फ बघायला मिळेल म्हणून जागा राहिलो तर खाली नुसता काळोख.

==

माझं सगळ्यांच्या उलटं. दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को, अटलांटिकवरून न जाता पॅसिफिकवरून गेलो. तो रस्ता हजारेक किमी जास्तच आहे, पण पाठीवर वारं असल्याने वेळ कमी लागतो. मी नकाशा बघून एअरहोस्टेसला विचारलंसुद्धा की आपण उलट्या दिशेला का चाललोय, ती बिचारी हसली फक्त. आणि हो, नकाशावर सरळ रेघ मारून अंतर मोजू नका कुणी. पृथ्वीच्या गोळ्यावर दोरा ताणून बघा, लंडन-न्यूयॉर्कचा दोरासुद्धा चांगला उत्तरेकडे वर चढतो.

==

दोरा लावून बघितला आत्ता, खरंच की! पण मग येताना त्या दोऱ्यावरून न येता मुद्दाम वारं गाठायला खालून आणत असतील का?

==

रोज बदलतं ते, वारं जिथे असेल तिथून. माझ्या दोन ट्रिपांत दोन वेगळे रस्ते दिसले स्क्रीनवर.