अनुभव धागा : डीएचसीपीवरून सर्व्हर आपोआप उभे करणाऱ्यांनो, लिहा!

रॅकमध्ये सर्व्हर चढवला, पॉवर दिली, आणि तो स्वतःच आयपी घेऊन, बूट फाइल ओढून, ओएस टाकून, होस्टनेमसकट कामाला तयार. हे ज्यांनी प्रत्यक्ष केलंय त्यांनी इथे लिहा. डीएचसीपी (नेटवर्कवर मशिनला आपोआप आयपी पत्ता देणारी पद्धत) म्हटलं की लोकांना घरचा वायफाय राउटर आठवतो, पण त्याचा पूर्वज बूटपी १९८५ साली आला तोच मुळी डिस्क नसलेल्या मशिनला पत्ता आणि बूट फाइलचं नाव सांगायला, म्हणजे आपण करतो ते काम याच्या रक्तातच आहे. नुसतं 'झालं एकदाचं' नको, कुठे अडलं आणि कशाने सुटलं ते सविस्तर येऊ द्या.

---

पुण्यात होस्टिंगमध्ये आहे. आमच्याकडे नवीन सर्व्हर पीएक्सईला (नेटवर्कवरून बूट व्हायची कार्डातली सोय) जायचा, आयपी मागत बसायचा आणि वेळ संपली की गप डिस्ककडे वळायचा. त्याच पोर्टला लॅपटॉप लावला की थोड्या वेळात आयपी मिळायचा, त्यामुळे नेटवर्क टीमचं म्हणणं आमच्याकडून सगळं ओके. शेवटी डीएचसीपी सर्व्हरवर ६७ नंबरच्या पोर्टवर टीसीपीडंप (येणारी-जाणारी पॅकेटं दाखवणारं टूल) लावून बसलो तर डिस्कव्हर, म्हणजे पत्त्याची पहिली हाक, पोचतच नव्हता! कारण स्विचवरचा स्पॅनिंग ट्री, म्हणजे नेटवर्कमध्ये लूप होऊ न देणारी सोय. लिंक वर आली की १५ सेकंद लिसनिंग, १५ सेकंद लर्निंग, तोवर पोर्ट काहीच पुढे जाऊ देत नाही, आणि कार्डातला पीएक्सई तेवढ्यात हार मानतो, लॅपटॉप मात्र मागतच राहतो म्हणून त्याला मिळतं. सर्व्हरच्या पोर्टांवर पोर्टफास्ट (ही वाट बघणं टाळणारी सेटिंग) लावला आणि विषय मिटला. तेव्हापासून माझं सगळ्यांना एकच सांगणं असतं, आधी पॅकेट कुठवर पोचतंय ते बघा, कॉन्फिग फाइल नंतर उघडा.

---

पोर्टफास्टला +१. त्याच्याच जोडीला, डीएचसीपी सर्व्हर वेगळ्या व्हीलॅनमध्ये (स्विचवरच्या वेगळ्या नेटवर्कमध्ये) असेल तर गेटवेवर मागणी त्याच्याकडे पुढे पाठवणारा हेल्पर अ‍ॅड्रेस आहे का तेही बघा, ब्रॉडकास्ट राउटर ओलांडत नाही.

---

नाशिक, इंजिनिअरिंग कॉलेजची लॅब. सर्व्हर थोडे, पीसीच जास्त, पण तंत्र तेच. कॉलेजच्या मुख्य डीएचसीपीला हात लावायची परवानगी नाही, म्हणून डीएनएसमास्क (छोटा डीएचसीपी सर्व्हर) प्रॉक्सी मोडमध्ये चालवतो. आयपी कॉलेजचाच मिळतो, आमचं मशिन फक्त बूट कुठून करायचं तेवढं सांगतं. कोणाच्या कामात ढवळाढवळ नाही आणि सुट्टीत अख्खी लॅब नव्याने उभी राहते. एकदा मात्र कोणीतरी घरचा राउटर आणून भिंतीतल्या सॉकेटला लावला आणि निम्मी मशिनं त्याचाच पत्ता घेऊन बसली. डीएचसीपी स्नूपिंग चालू करून घ्या, म्हणजे अनोळखी पोर्टवरून आलेली ऑफर स्विचच टाकून देतो.

---

डब्लिनहून लिहितेय. आमच्याकडे जुनी बायोसवाली आणि नवी यूईएफआयवाली (मशिन सुरू करणारं जुनं आणि नवं फर्मवेअर) मशिनं एकत्र होती, दोघांना एकच बूट फाइल दिली तर एक जण हमखास अडणार. मशिन स्वतः कुठल्या जातीचं ते डीएचसीपीच्या मागणीतल्या ऑप्शन ९३ मध्ये सांगतं, शून्य म्हणजे बायोस, ७ म्हणजे ६४ बिट यूईएफआय, त्यावरून फाइल निवडायची. पण खरी गंमत टीएफटीपीची, म्हणजे बूट फाइल पाठवणाऱ्या साध्या प्रोटोकॉलची. तो ५१२ बाइटचा तुकडा पाठवतो आणि पोच आल्याशिवाय पुढचा पाठवत नाही. बूट सर्व्हर दुसऱ्या शहरात, जाऊन यायला १० मिलिसेकंद, आणि ६० एमबीची इनिटआरडी (लिनक्स बूट होताना आधी मेमरीत चढणारी फाइल). हिशोब करा, सव्वा लाखाच्या आसपास तुकडे, म्हणजे २० मिनिटं नुसती वाट बघण्यात! ब्लॉकसाइज वाढवून फरक पडतो, पण मी सरळ टीएफटीपीवरून फक्त छोटंसं आयपीएक्सई (पीएक्सईचा सुधारित बूट प्रोग्रॅम) देते आणि बाकी सगळं एचटीटीपीवरून ओढते. आयपीएक्सई पुन्हा डीएचसीपीला विचारतं तेव्हा त्याचा यूजर क्लास ओळखून स्क्रिप्ट द्यायची, नाहीतर त्याला परत आयपीएक्सईच मिळतं आणि ते गोल गोल फिरत बसतं.

---

मुंबई, बँकिंग क्षेत्र. वेगाबद्दल सगळे बोलतात, मला सुरक्षिततेबद्दल बोलायचंय. किकस्टार्टमध्ये (आपोआप इन्स्टॉलच्या सूचनांची फाइल) डिस्क पुसायची ओळ असते आणि बूट ऑर्डरमध्ये नेटवर्क पहिलं असतं, म्हणजे चालू डेटाबेस सर्व्हर साधा रीबूट झाला तरी कोरा होऊ शकतो. म्हणून डीफॉल्ट उत्तर कायम 'लोकल डिस्कवरून बूट कर' हेच हवं. ज्या नेटवर्क कार्डाच्या मॅक अ‍ॅड्रेसला बिल्ड म्हणून खूण केलीय त्यालाच इन्स्टॉलर, आणि इन्स्टॉल संपताना मशिननेच ती खूण काढायला लावायची. यात तडजोड नको, प्लीज.

---

वरच्या बँकवाल्या ताईंशी शंभर टक्के सहमत. आणखी एक, आयएससीचा जुना डीएचसीपी सर्व्हर अजून चालवत असाल तर हलवा आता, २०२२ मध्ये त्याचा मेंटेनन्स थांबलाय. आम्ही आयएससीच्याच नव्या केआ सर्व्हरवर गेलो, रिझर्व्हेशन (कुठल्या मशिनला कुठला पत्ता) पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आहेत, नवीन मशिनची नोंद करायला सर्व्हिस रीस्टार्ट करावी लागत नाही.

---

एक अडचण आहे. आमच्या सर्व्हरची दोन्ही कार्डं एलएसीपीत (दोन लिंक मिळून एक करायचा प्रोटोकॉल) बांधलेली, ओएस आल्यावर छान चालतं, पण पीएक्सईच्या वेळी पोर्ट वर येतच नाही. दर वेळी नेटवर्कवाल्यांना बाँड सोडवायला सांगायचं का?

---

नाही नाही. पीएक्सईला एलएसीपी बोलता येत नाही म्हणून स्विच थांबून राहतो. स्विचवर एलएसीपी फॉलबॅक बघा, काही कंपन्या त्याला फोर्स-अप म्हणतात. समोरून एलएसीपी आलं नाही तर एक पोर्ट साधं म्हणून चालू राहतं, ओएस उभी राहिली की बाँड आपोआप जुळतो. मॉडेल टाका, कमांड शोधून देतो.